अंगावरून पांढरं जाणं : एका दबक्या तक्रारीचा इतिहास

काही तक्रारींना मराठीत धड नाव नाही, नुसतं क्रियापद आहे. 'अंगावरून जातंय' म्हणायचं, आणि काय जातंय ते ऐकणारीने ओळखायचं. लाल असेल तर पाळी. पांढरं असेल तर आवाज आणखी खाली येतो. मराठीत दुसराही एक वाक्प्रचार आहे, 'दुखणं अंगावर काढणं'. जे अंगावरून जातं, ते बहुतेक वेळा अंगावरच काढलं जातं.

गरोदरपणात हा स्राव वाढतो. जवळजवळ प्रत्येकीचा वाढतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आतले कपडे ओले लागतात आणि रात्री उशिरा, शेजारचा झोपल्यावर, फोनची स्क्रीन अंधुक करून प्रश्न टाईप केला जातो: हे नॉर्मल आहे का? बाळाला काही होईल का?

प्रश्न दोन ओळींचा आहे. पण त्याचं आज जे उत्तर मिळतं, ते गोळा व्हायला दीडशेहून जास्त वर्षं लागली. त्या वर्षांची ही गोष्ट. तिच्यात सूक्ष्मदर्शक आहेत, पोस्टाने फिरणाऱ्या मातीच्या बरण्या आहेत, गडचिरोलीतली दोन गावं आहेत. आणि बाईला विचारायचं की नाही, यावरून झालेले पुष्कळ घोळही आहेत.

थेंबातले जीव

तक्रार जुनीच आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात तिसावा अध्याय योनिव्यापदांचा आहे. तिथे वीस प्रकार मोजले आहेत, आणि स्राव, खाज, दाह, दुर्गंधी ही लक्षणं त्यांत विखुरलेली आहेत. पुढच्या काळात 'श्वेतप्रदर' हा शब्द रूढ झाला. तो आजही औषधांच्या बाटल्यांवर दिसतो. लक्षणांचं वर्णन बारकाईने होत होतं. पण स्रावाच्या आत काय आहे हे पाहायला डोळा पुरत नव्हता.

तो डोळा १८३६ साली पॅरिसमध्ये मिळाला. आल्फ्रेड डोने नावाचा तरुण डॉक्टर सूक्ष्मदर्शकाने वेडा झालेला होता. तेव्हाच्या बड्या डॉक्टरांना हे यंत्र म्हणजे खेळणं वाटे. डोने दूध, रक्त, लाळ, पू, जे हाती लागेल ते काचेवर घ्यायचा. स्त्रियांच्या योनिस्रावाचा थेंब त्याने काचेवर घेतला, तेव्हा त्यात शेपटीसारखे धागे हलवत पळणारे जीव दिसले. त्याने त्यांना नाव दिलं. दोन वर्षांनी ते जरा दुरुस्त होऊन 'ट्रायकोमोनस व्हजायनालिस' झालं.

मग काय झालं? जवळजवळ काहीच नाही. हे जीव तक्रार असलेल्या बायकांमध्ये दिसत, तक्रार नसलेल्यांमध्येही दिसत. त्यामुळे ते निरुपद्रवी पाहुणे असावेत असं ठरलं, आणि पुढची ऐंशी वर्षं तेच मानलं गेलं. हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव आणि आग होणं याच्यामागे हाच जीव आहे, हे विसाव्या शतकात मान्य झालं. त्याच्यावर पोटातून घ्यायचं खात्रीचं औषध, मेट्रोनिडाझोल, यायला १९६०चा सुमार उजाडला. म्हणजे जंतू दिसल्यापासून गोळी मिळेपर्यंत सव्वाशे वर्षं.

दोष कुणाचा : हाताचा की अंगाचा?

दरम्यान युरोपच्या प्रसूतिगृहांत बायका मरत होत्या. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत ताप, पोट फुगणं, मृत्यू. हा सूतिकाज्वर.

व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात शंभरातल्या अकराहून जास्त बायका दगावल्या. दुसऱ्यात तीनहून कमी. इथे येणाऱ्या बायका गरीब असत, कित्येक अविवाहित असत. फुकट उपचारांच्या बदल्यात त्यांच्या देहावर विद्यार्थी शिकत. इग्नाझ झेमेलवाइसच्या लक्षात आलं, की पहिल्या विभागातले विद्यार्थी शवविच्छेदन करून तेच हात घेऊन प्रसूतीला येतात. १८४७च्या मे महिन्यात त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागातला मृत्युदर सव्वा टक्क्यावर आला.

ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली आहे. तिचा पुढचा भाग तितकासा सांगितला जात नाही. १८७९ साली पॅरिसच्या वैद्यक अकादमीत लुई पाश्चरने फळ्यावर गोल ठिपक्यांच्या साखळ्या काढून दाखवल्या, आणि सूतिकाज्वर होतो तो यांच्यामुळे, असं सांगितलं. या साखळ्या म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस. आता जंतू सापडला होता. प्रश्न उरला: तो येतो कुठून?

एक गट म्हणाला, बाहेरून. डॉक्टरच्या हातांतून, अवजारांतून. दुसरा गट म्हणाला, बाईच्या अंगातच असतो. याला त्यांनी 'स्वसंसर्ग' म्हटलं. हा वाद नुसता शास्त्रीय नव्हता. जंतू बाहेरून येत असेल तर जबाबदारी डॉक्टरची. आतून येत असेल तर बाईचं शरीरच मुळात घाण, आणि बाळंतपणाआधी ते आतून जंतुनाशकांनी धुवून काढायला हवं. कित्येक प्रसूतिगृहांत तसं धुतलंही जाऊ लागलं.

लायप्झिगमधला प्रसूतितज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन या वादात उतरला तो गरोदर बायकांचा योनिस्राव घेऊन. १८९२ साली त्याने एक लहान ग्रंथ छापला. विषय होता योनिस्राव आणि सूतिकाज्वराशी त्याचा संबंध. त्याने दाखवलं, की निरोगी स्राव आंबट असतो. त्यात काठीसारखे लांबट जंतू मोठ्या संख्येने असतात, आणि ते दुग्धाम्ल तयार करतात. त्या आंबटपणात रोग करणाऱ्या जंतूंना जगणं अवघड जातं.

आपल्याला हे समजायला सोपं आहे, कारण आपल्या स्वयंपाकघरात रोज हेच घडतं. दुधात विरजण घातलं की दुग्धाम्ल तयार होतं, आणि नीट लागलेलं दही दुधासारखं चटकन नासत नाही. शरीराने योनिमार्गात आपलं विरजण लावून ठेवलेलं असतं. (म्हणून तिथे दही लावायचं, असा अर्थ कुणी काढू नये. भांडं वेगळं, विरजणही वेगळं.)

पुढे कळलं ते असं. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनिमार्गाच्या पेशींत ग्लायकोजेन नावाची साखर साठते. ती मोडून हे जंतू आम्ल बनवतात. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, रक्तपुरवठा वाढतो, पेशी जास्त झडतात, गर्भाशयमुख जास्त पाझरतं. म्हणून स्राव वाढतो. पातळ, दुधाळ, फारसा वास नसलेला, न खाजणारा हा स्राव म्हणजे घाण नव्हे. तो नऊ महिने चाललेला पहारा आहे.

डोडरलाइनच्या शोधाचा सरळ अर्थ असा होता, की निरोगी बाईला आतून धुणं म्हणजे पहारेकऱ्यालाच हाकलणं. पण बाजाराला हा अर्थ परवडणारा नव्हता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत फरशी पुसायचं जंतुनाशक लायसॉल 'स्त्रियांच्या स्वच्छते'साठी विकलं जात होतं. नवरा दुरावला तर दोष तुझ्या अस्वच्छतेचा, असा त्या जाहिरातींचा सूर असे. आज मेडिकलच्या काचेमागे गुलाबी बाटल्या दिसतात. भाषा मवाळ झाली आहे, पण धाक तोच आहे. योनिमार्ग आतून धुवायची गरज नसते. बाहेरून साधं पाणी पुरतं. गरोदरपणात तर आत पिचकारी, साबण, सुगंधी द्रव काहीच जाऊ नये.

बाळाचे डोळे

लायप्झिगच्या त्याच प्रसूतिगृहात डोडरलाइनच्या आधी कार्ल क्रेडे होता. त्याच्यासमोर वेगळं संकट होतं. आईला परमा असेल, म्हणजे गोनोरिया, तर जन्माच्या वाटेवर बाळाच्या डोळ्यांत जंतू जात. डोळे सुजत, पू येई आणि पुष्कळ मुलं आंधळी होत. त्याच्या इस्पितळात दहातल्या एका बाळाला हा त्रास होई.

क्रेडेने आधी गरोदर बायकांवरच उपचार करून पाहिले. योनिमार्ग धुवून पाहिला. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग १८८०मध्ये त्याने रोख बदलला आणि प्रत्येक बाळाच्या डोळ्यांत जन्मताच सिल्व्हर नायट्रेटच्या पातळ द्रावणाचा थेंब टाकायला सुरुवात केली. प्रमाण एका टक्क्याच्याही खाली आलं. अंधशाळांतली गर्दी या एका थेंबाने ओसरली.

या गोष्टीत एक बोच आहे. बाळ वाचलं, आईचा रोग मात्र तिथेच राहिला, आणि बहुतेक वेळा ज्याच्याकडून तो आला त्या नवऱ्याला कुणी तपासलं नाही. ट्रायकोमोनस काय, गोनोरिया काय, जोडीदारावर एकाच वेळी उपचार झाले नाहीत तर ते परत येतात. डॉक्टर दोघांना गोळ्या देतात त्या याचसाठी. 'मला काही त्रास नाही, मी कशाला घेऊ?' हे वाक्य आजही गोळीपेक्षा जास्त ताकदवान ठरतं.

पोस्टाने फिरलेली माती

गरोदरपणात सगळ्यात जास्त छळणारा संसर्ग साधा असतो: कँडिडा नावाची बुरशी. दह्याच्या गुठळ्यांसारखा पांढरा स्राव, भयंकर खाज, लघवीला आग. वाढलेली साखर तिला मानवते, त्यामुळे गरोदरपणात ती फोफावते. मधुमेह असेल तर अधिकच.

१९४०च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि जंतूंवर जग तुटून पडलं. पण प्रतिजैविकं बुरशीला मारत नाहीत. उलट ती पहारेकरी जंतूंनाही मारतात, आणि रिकाम्या जागेत बुरशी माजते. बुरशीवर माणसाला झेपेल असं औषध हवं होतं.

ते न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करणाऱ्या दोघींनी शोधलं. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात, रेचेल ब्राऊन दीडशे मैलांवर ऑल्बनीला. हेझन ठिकठिकाणची माती गोळा करून तिच्यातले सूक्ष्मजीव वाढवायची, बुरशीविरुद्ध लढणारा एखादा सापडला की बरणी बंद करून पोस्टाने ऑल्बनीला पाठवायची. ब्राऊन रसायनशास्त्रज्ञ, ती त्यातून नेमका घटक वेगळा काढून पोस्टाने परत पाठवायची. बरेचसे घटक बुरशी मारत, पण प्रयोगातल्या उंदरांनाही मारत. अखेर व्हर्जिनियातल्या एका मित्रकुटुंबाच्या शेतातून हेझनने आणलेल्या मातीत हवा तो जीव सापडला. १९५० साली शोध जाहीर झाला. औषधाला नाव दिलं निस्टॅटिन, न्यूयॉर्क स्टेटवरून.

दोघींनी स्वामित्वहक्काचा पैसा स्वतःकडे ठेवला नाही. तो सगळा, एक कोटी डॉलरच्या पुढे गेलेला, विज्ञान संशोधनाला दिला. आज बहुतेक वेळा क्लोट्रिमाझोलसारखी पुढची औषधं वापरली जातात. पण बुरशीवर योनिमार्गात ठेवायची गोळी असते, आणि ती गरोदरपणातही देता येते, इथवरचा रस्ता या दोघींनी पाडला.

वासाचा माग

१९५५ साली ह्यूस्टनमध्ये हर्मन गार्डनर आणि चार्ल्स ड्यूक्स यांनी एका वेगळ्या स्रावाचा माग काढला. राखाडी, पातळ, माशासारखा वास, पण खाज जवळपास नाही. याचा जंतू आपल्याला सापडला, असं त्यांनी जाहीर केलं. पुढे त्याला गार्डनरचंच नाव मिळालं, 'गार्डनरेला'.

ते सिद्ध करायला त्यांनी जे केलं ते आज कुठलीही नैतिकता समिती मान्य करणार नाही. आजारी बायकांचा स्राव त्यांनी पंधरा निरोगी बायकांमध्ये सोडला. अकरा जणींना त्रास झाला. शुद्ध वाढवलेला जंतू तेरा जणींमध्ये सोडला. फक्त एकीला झाला. हे आकडे त्यांच्याच दाव्याला छेद देणारे होते. त्रास एका जंतूचा असता तर शुद्ध जंतूने तो जास्त व्हायला हवा होता. प्रत्यक्षात बिघडलेलं होतं ते सगळं विरजणच: आम्ल बनवणारे जंतू कमी, बाकीच्या कैक जातींची गर्दी. आता याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, आणि ही कुणाच्या अस्वच्छतेची खूण नाही.

पुढे निरीक्षणं जमली, की हा बिघाड असलेल्या बायकांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं जास्त होतात. मग तर्क सोपा वाटला: सगळ्या गरोदर बायकांना तपासा, बिघाड दिसला की गोळ्या द्या, मुलं पूर्ण दिवसांची होतील. अमेरिकेत लक्षणं नसलेल्या १,९५३ गरोदर बायकांवर चाचणी झाली. निम्म्यांना मेट्रोनिडाझोल, निम्म्यांना बिनऔषधाची गोळी. २०००मध्ये निकाल छापला गेला. औषध घेतलेल्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १२.२ टक्के, न घेतलेल्यांत १२.५ टक्के. फरक नाहीच म्हणायचा. पुढच्या वर्षी लक्षणं नसलेल्या ट्रायकोमोनसबद्दलची चाचणी छापली गेली. तिथे तर औषध दिलेल्या गटात अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं जास्त निघाली.

याचा अर्थ गोळ्या घेऊच नयेत असा नाही. त्रास होत असेल तर उपचार हवेतच, आणि डॉक्टर ते गरोदरपणातही देतात. पण 'रिपोर्टमध्ये काहीतरी आलंय म्हणजे मारून टाका' हा हिशेब शरीराशी जुळत नाही.

याच्या अगदी उलट गोष्ट रेबेका लान्सफील्डची. तिने १९३०च्या दशकात पाश्चरच्या साखळ्यांचे गट पाडले: ए, बी, सी. 'बी' गटाचा स्ट्रेप्टोकॉकस बायकांच्या योनिमार्गात, काहीही तक्रार नसताना सापडला. तो आईला सहसा त्रास देत नाही. स्राव बदलत नाही, वास येत नाही. पण प्रसूतीच्या वेळी बाळापर्यंत पोचला तर जन्मानंतर काही तासांत बाळ गंभीर आजारी पडू शकतं. अमेरिकेत शेवटच्या महिन्यांत सगळ्या गरोदर बायकांची तपासणी आणि जंतू सापडल्यास कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन, अशी पद्धत बसली. १९९०मध्ये हजार जन्मांमागे १.८ बाळांना पहिल्या आठवड्यातला हा आजार होई. २०१५पर्यंत हे प्रमाण ०.२३वर आलं. भारतात ही तपासणी सरसकट होत नाही. आधीच्या बाळाला हा आजार झाला असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

म्हणजे एक संसर्ग वासाने सारं घर हादरवतो, आणि लक्षणं नसताना त्याच्यामागे लागण्यात फायदा दिसत नाही. दुसरा चकार शब्द काढत नाही, आणि तोच शोधायला हवा. नुसत्या पाहण्या-हुंगण्यावरून निवाडा करणं डॉक्टरलाही जमत नाही. मग मैत्रिणीने पाठवलेल्या फोटोवरून आपल्याला कसं जमेल?

गडचिरोली, १९८९

इथवरची गोष्ट पॅरिस, व्हिएन्ना, ह्यूस्टनची. आपल्याकडे काय चाललं होतं?

आपल्याकडे प्रश्न सूक्ष्मदर्शकाच्याही आधीचा होता: तपासायचं कुणी? १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी सेरामपूरच्या भाषणात आनंदीबाई जोशींनी हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची गरज का आहे, हे मांडलं होतं. तीन वर्षांनी फिलाडेल्फियात त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. १९२७मध्ये र. धों. कर्व्यांनी 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं आणि वाचकांच्या लैंगिक शंकांना छापील उत्तरं देण्याचा गुन्हा केला. गुन्हा म्हणजे खरोखरच गुन्हा. अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या एकात डॉ. आंबेडकरांनी त्यांचं वकीलपत्र घेतलं, तरी दंड झालाच.

स्वातंत्र्यानंतर सरकारी दवाखाने गावात आले. पण बाई तिथे दिसायची ती दोन वेळांना: गरोदर असताना आणि ऑपरेशनसाठी. आई आणि कुटुंबनियोजनाचं 'टार्गेट', याच्या मधली बाई कुणाच्या तक्त्यात नव्हती.

राणी बंग स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था उभी केली. त्यांनी दोन गावं निवडली आणि तिथल्या बायकांची सरसकट तपासणी केली. दवाखान्यात आलेल्यांचीच नव्हे, सगळ्यांची. अशी तपासणी म्हणजे आतून तपासणी. ती गावातल्या बाईला करू द्यावीशी वाटणं हेच मोठं काम होतं. ६५० बायका तपासल्या गेल्या. जानेवारी १९८९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले.

९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर एकेकीला ३.६. त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा. आणि याआधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के.

हे शेवटचे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. रोग जवळजवळ प्रत्येकीला, तपासणी शंभरातल्या आठ जणींची. बाकीच्या काय करत होत्या? अंगावर काढत होत्या. स्त्रीचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण नव्हे, हे म्हणणं पुढे १९९४च्या कैरो परिषदेत जगाने मान्य केलं. त्या वाटेवरच्या पुराव्यांत गडचिरोलीच्या या दोन गावांचं नाव आदराने घेतलं जातं.

गोवा, २००५

आता याच गोष्टीला गोव्यातून मिळालेलं वळण पाहा. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी उत्तर गोव्यात १८ ते ५० वयाच्या २,४९४ बायकांना गाठलं. पांढरं जातं का हे विचारलं, प्रयोगशाळेत संसर्ग तपासले, आणि सोबत मनाची अवस्थाही विचारली. १४.५ टक्के बायकांनी पांढऱ्या स्रावाची तक्रार सांगितली.

पण त्या तक्रारीचं संसर्गाशी नातं फारसं घट्ट निघालं नाही. जास्त घट्ट नातं निघालं ते नैराश्य, चिंता आणि न उलगडणाऱ्या अंगदुखी-थकव्याशी.

याचा उलगडा आपल्या घरांत आहे. भारतभर एक समजूत आहे, की पांढरं जाणं म्हणजे अंगातली ताकद वाहून जाणं, हाडं झिजणं. ही समजूत शास्त्राने खरी नाही. हाडांचा आणि या स्रावाचा संबंध नाही. पण 'मला झोप लागत नाही, रडू येतं, सासरी घुसमट होते' हे डॉक्टरला सांगायची सोय नसलेल्या बाईला 'पांढरं जातंय, कमजोरी वाटते' एवढं सांगता येतं. शरीराचं वाक्य उसनं घेऊन मनाचं दुखणं बोललं जातं.

गडचिरोली आणि गोवा यांत विसंगती नाही. एकीकडे रोग आहे आणि तक्रार बाहेर पडत नाही. दुसरीकडे तक्रार आहे आणि तिच्यामागचं दुःख दुसरंच आहे. दोन्हीकडे कमतरता एकच: बाईला बसवून, वेळ देऊन, 'आणखी काय होतंय?' असं विचारणारं माणूस.

हिरवं पाकीट

वेळ द्यायचा तर माणसं हवीत, प्रयोगशाळा हव्यात. त्या नसल्यावर काय करायचं, याचं जगाने काढलेलं उत्तर म्हणजे लक्षणांवरून उपचार. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने रंगीत पाकिटं केली. योनिस्रावाचं पाकीट हिरवं: दोन औषधं, सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल. जंतूही जातील, बुरशीही जाईल. लांबच्या आरोग्यकेंद्रात याचा उपयोग आहेच.

पण गरोदर बाई या पाकिटात बसत नाही. पोटातून घ्यायचं फ्लुकोनाझोल गरोदरपणात टाळतात. गर्भपाताचा धोका वाढत असावा असं दाखवणाऱ्या अभ्यासानंतर २०१६ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही सावधगिरीचा इशारा दिला. तिला बुरशीसाठी योनिमार्गात ठेवायची गोळी किंवा मलम, साधारण सात दिवस, असं वेगळं औषध लागतं.

सरकारी नियमावलीत हा फरक लिहिलेला आहे. मेडिकलच्या काउंटरवर तो लिहिलेला नसतो. तिथे नवरा किंवा दीर जातो, 'खाजेची गोळी द्या' म्हणतो. बाई कितव्या महिन्यात आहे हे दुकानदार विचारत नाही, कारण 'कुणासाठी?' हा प्रश्नच मुळात अवघड आहे. एकच गोळी, स्वस्त, लगेच गुण. दबक्या आवाजाची किंमत इथे मोजली जाते.

म्हणून रात्री उशिराच्या त्या प्रश्नाचं उत्तर, आजवरच्या माहितीच्या आधारे, मोठ्या आवाजात लिहून ठेवू या.

गरोदरपणात पातळ, पांढरट, सौम्य वासाचा किंवा बिनवासाचा, खाज-आग नसलेला स्राव वाढणं स्वाभाविक आहे. त्याला औषध लागत नाही. सुती कपडे, बाहेरून पाणी, एवढं पुरतं. शेवटच्या दिवसांत घट्ट, चिकट, किंचित रक्ताची रेघ असलेला स्राव आला तर कळा जवळ आल्याची ती खूण असू शकते. मात्र दिवस पुरे भरायच्या आधी असं झालं तर दवाखाना गाठायचा.

दह्यासारखा स्राव आणि खाज, हिरवट-पिवळा, फेसाळ स्राव, राखाडी आणि माशासारखा वास, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं: यांपैकी काहीही असेल तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवायचं, आणि मी गरोदर आहे हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

रक्त जाणं, ताप, किंवा पाण्यासारखं एकदम वा थेंबथेंब सतत गळत राहणं म्हणजे लगेच, रात्र असली तरी. पाणमोट फुटली असू शकते, आणि तिथे तास महत्त्वाचे असतात.

खासगी डॉक्टर परवडत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. २०१६पासून हे अभियान चालू आहे. तिथे रांग असते, आडोसा कमी असतो, समोरच्या बाकावर ओळखीची कुणीतरी बसलेली असते. तरी डॉक्टरने 'आणखी काही त्रास?' असं विचारलं, तर 'नाही' म्हणण्याआधी एक क्षण थांबायचं. आणि विचारलंच नाही, तर आपण सांगायचं: डॉक्टर, अंगावरून पांढरं जातंय, रंग असा आहे, वास असा आहे, इतक्या दिवसांपासून आहे.